चढावरचा फवारा

"या खेपेला मोटर तापून बंद पडली, तर सायकल विकून टाकीन!" सलूनवाल्यानं छाती ठोकून बायकोला सांगितलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

सायकल विजेवर चालणारी, मोटर मागच्या चाकाच्या मधोमध. सपाट रस्त्यावर पळायची झकास! पण सासऱ्यांचं घर नेमकं टेकडीच्या माथ्यावर. दोनदा तिसऱ्या वळणावर मोटर तापली, आपोआप बंद पडली आणि दोन्ही वेळा सासरे टेम्पो घेऊन खाली आले. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस तो! "जावईबापू, खेळणं चढवा मागे," एवढंच म्हणाले. सलूनवाल्याचा सायकलवर भारी जीव, आणि सासऱ्यांच्या तोंडून एकदा तरी कौतुक ऐकायची त्याहून भारी हौस.

उपाय दुकानातच सापडला. गिऱ्हाइकाचे केस भिजवायची फवाऱ्याची बाटली!

"तू कॅरिअरवर उलटी बस. तोंड मागे. मोटरीवर फवारा मारत राहायचं."

"अहो, लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय कळतंय त्यातलं!"

लोकांना भलतंच कळलं. चढाच्या पायथ्याशी शिंप्यानं पाहिलं, तर नवरा दातओठ खात पेडल मारतोय, बायको त्याच्याकडे पाठ करून बसलीय आणि तिचा चेहरा ओलाचिंब! फिरत्या चाकानं उडवलेलं पाणी होतं ते, पण शिंप्याला कोण सांगणार?

"वहिनी, काय झालं हो?"

वहिनींना बोलायला फुरसत कुठली! त्यांनी नुसता हात हलवला. शिंप्यानं तडक सासूबाईंना फोन लावला. दुसऱ्या वळणावर बेकरीवालीनं पाहिलं. तिनं सासूबाईंना केलेल्या फोनमध्ये तर थेट घटस्फोटच झाला!

तिसरं वळण आलं. सलूनवाल्याचा जीव टांगणीला.

"गार आहे का गं?"

"गार आहे! पण बाटली संपत आली!"

"जपून मार!"

मोटर गुणगुणत वळण चढून गेली. तो आनंदानं असा ओरडला, की आसपासची कुत्री भुंकायला लागली.

माथ्यावर सासूबाई आणि बायकोची मावशी दारातच उभ्या. सासूबाईंनी लेकीला पोटाशी धरलं.

"रडू नकोस गं बाळ!"

"आई, मी कशाला रडू? मोटर गार करत होते!"

"बघा, अजून त्यालाच सांभाळून घेतेय," मावशी हळहळल्या. "जावईबापू, आधी माफी मागा!"

"अहो, पण कशाची?"

"ते तुमचं तुम्हाला माहीत!"

त्यानं मोठ्या आशेनं बायकोकडे पाहिलं. उलटं बसून तिच्या कमरेचा पार काटा ढिला झाला होता. ती गालातल्या गालात हसली.

"मागा की!"

त्यानं मुकाट्यानं दोन्ही कान धरले.

सासरे मात्र या गोंधळात नव्हतेच. ते सायकलपाशी उकिडवे बसून मोटरीला हात लावून बघत होते.

"गार आहे की हो!"

सलूनवाला कान सोडून धावला.

"एवढा चढ, त्यात डबलसीट, आणि गार? जमवलंत कसं?"

त्यानं बाटलीपासून उलट्या बैठकीपर्यंत सगळं एका दमात सांगितलं. सासरे उठले. डोळ्यांत पाणी, हात पुढे! सलूनवाल्यानं पाठ वाकवली. सासरे त्याला वळसा घालून गेले आणि त्यांनी लेकीची पाठ थोपटली.

"शाब्बास! ड्रायव्हर काय, कुठेही मिळतात. असा क्लीनर मिळायला नशीब लागतं!"