वीस लंगड्या पायांची गोम

मुलांनो, परवा रात्री मला एका वजाबाकीने झोपू दिलं नाही.

माझे वडील, म्हणजे माझ्या लेकीचे, जुईचे आबा, फौजेतून निवृत्त झालेत. त्यांची कमरेतली शीर दबलीय, ती थेट पायापर्यंत दुखते. किती दुखते याचं पत्र आलं. अकरा टक्के. अपंगत्वाच्या पेन्शनला लागतात वीस. जुई दुसरीत आहे. तिने विचारलं, "मग उरलेल्या एकोणनव्वद टक्क्यांनी आबा माझ्याशी लंगडी का खेळत नाहीत?"

चांगल्या आईला याचं उत्तर येत असणार. मला आलं नाही. म्हणून सकाळी मी गोष्ट सांगितली. तुम्हीही ऐका. मांडी घालून बसा. मांडी घालता येत नसेल तर पाय पसरा. इथे कुणी टक्के काढत नाही.

तर एका जंगलात, फार जुनं नाही आणि फार नवं नाही अशा, एक म्हातारं खेचर राहायचं. नाव सुभेदार गेनू. तरुणपणी त्याने डोंगरावर तोफा वाहिल्या होत्या. आता त्याच्या मागच्या डाव्या पायात कळ यायची. कमरेतून निघायची, मांडीमागून उतरायची आणि खुरात जाऊन बसायची.

नदीला जायला दोन वाटा होत्या. एक कड्यावरची, दगडधोंड्यांची. दुसरी सपाट, वाळूची. सपाट वाट जखमी सैनिकांसाठी राखीव. पण त्यासाठी वीस टक्के हवेत. गेनू कड्यावरून दोनदा घसरला. मग तो जायचाच थांबला. पहाटे गवतावरचं दव चाटून दिवस काढू लागला.

तपासणीला होत्या डॉक्टर गोमाबाई. फार हुशार. शंभर पाय. टक्क्यांचा तक्ता त्यांनी स्वतःच केला होता, स्वतःकडे बघून. एक पाय, एक टक्का.

"कुठे दुखतं?"

"आत, मॅडम."

"आतलं मला दिसत नाही. किती पाय दुखतात?"

"एक."

"एकच? अहो सुभेदार, गेल्या वर्षी माझा एक पाय मोडला. मला चार दिवसांनी कळलं. तेही मोजले म्हणून!" आणि त्यांनी शिक्का मारला. एक टक्का.

"मॅडम, पण मला मुळात चारच आहेत."

"ते तुम्ही भरतीच्या वेळी सांगायचं."

गेनू बाहेर आला. तिथे हवालदार यमू उंटीण पाय पसरून बसली होती. तिच्या हातातल्या कागदावरही एक टक्का. रांगेत आणखी अठरा जण. रेडे, घोडे, गाढवं. प्रत्येकाचा एक पाय, प्रत्येकाचा एक टक्का.

(उंटिणीला हात नसतात, हे जुईने मला लगेच सांगितलं. बरं, तोंडातल्या कागदावर.)

यमू म्हणाली, "काय सुभेदारसाहेब, अख्खे डोंगर चढलात आणि एक गोम चढता येईना?"

"तू चढून दाखव की!"

"चढायचं कशाला? गोम व्हायचं. तुम्ही फक्त 'फॉल इन' म्हणा."

गेनूने बाकीच्या एकोणीस जणांकडे पाहिलं. पाठ ताठ केली. कळ आली, पण केलीच. आणि ओरडला, "फॉल इन!"

मुलांनो, सैनिक सगळं विसरतो, हे विसरत नाही. वीस जण एकामागे एक उभे राहिले. यमूने वरून तंबूचं जुनं कापड टाकलं आणि आत शिरली. पुढे फक्त गेनूचं तोंड.

"लेफ्ट!"

"आई गं!"

"राइट!"

"अगं बाई गं!"

अशी ती गोम डॉक्टरांच्या दारात आली. गोमाबाई खुर्चीवरून उठल्याच. "या, या! शेवटी एकदा नीट घडणीचं कुणी आलं!" त्यांनी पाय मोजले. ऐंशी. मग दुखणारे मोजले. वीस. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "वीस पाय! आणि तरी चालताय? केवढं सोसलंत हो एकट्याने!"

कापडाखाली एक गाढव हसलं. गेनू खोकला.

शिक्का बसला. "एक गोम, मोठी. वीस टक्के. सपाट वाट मंजूर. संपूर्णपणे हजर राहावे."

त्या संध्याकाळी गेनू वाळूत उभा राहून पोटभर पाणी प्याला. एवढं की मागच्या रेड्याने विचारलं, "साहेब, नदी ठेवणार का थोडी?"

तेव्हापासून रोज वीस जण एकत्र जातात. एकाला तहान लागली तर सगळ्यांना निघावं लागतं. एखाद्याला ताप आला तर एकोणीस जण त्याच्या उशाशी बसतात, कारण तो गेला तर टक्के एकोणीस होतील. याला प्रेम म्हणायचं की नियम, मला ठरवता आलं नाही.

तात्पर्य : एकजुटीने राहावं, असं मी सांगेन असं तुम्हाला वाटलं ना? नाही. तात्पर्य एवढंच, की आपलं दुखणं एकट्याने सांगायला जाऊ नये. एकाचं दुखणं खरं ठरवायला वीस जण लागतात.

गोष्ट संपली. लंगडीचं उत्तर मात्र मी दिलंच नव्हतं. जुईने विचारलंही नाही. ती बोटं मोजत होती.

"म्हणजे आबांना अजून नऊ हवेत. माझा गुडघा काल फुटलाय. आठ. आई, तुझं काय दुखतं?"