साळूआत्या गाऊन भांडायची

आमच्या शेजारच्या साळूआत्याला साध्या आवाजात तक्रार करता येत नसे. ती गायची. रेशनच्या लाल मिलो ज्वारीत खडे निघाले, की पदर खोचून दुकानातच चार कडवी. दुकानदार कानांवर हात ठेवी. पण दुसऱ्या दिवशी त्याचीच बायको धुणं आपटताना तेच गाणं गुणगुणताना सापडली. एकदा दौंडच्या एसटीत कंडक्टरनं तिला उठवून एका पुढारी पाव्हण्याला बसवलं. आत्या यवतपर्यंत उभ्यानं गात आली. शेवटी पाव्हणाच उठला.

"आत्या, नीट बोल की गं," मी म्हणायचे.

"बोललेलं लोक इसरत्यात. गायलेलं डोक्यात बसतं आन् उठत न्हाई."

बहात्तरच्या दुष्काळात कासुर्डीच्या बाजूला खडी फोडायचं काम निघालं. आम्ही दोघी शेजारी बसून हातोडे चालवायचो. मुकादमानं पाण्याचे दोन रांजण ठेवले होते. एक लिंबाखाली, बाकी सगळ्यांचा. दुसरा उन्हात, आम्हा बौद्धवस्तीतल्या बायांचा. त्यातलं पाणी दुपारी चहासारखं तापायचं.

एके दिवशी मोठे साहेब आले. खडीच्या ढिगावर चढून त्यांनी भाषण केलं: देश एक आहे, संकटात आपण सारे एक आहोत. टाळ्या पडायच्या आत आत्या उठली.

"एक देश, एक झेंडा, बोलतो सायेब छान,
दोन रांजणांत का वाटली एकच आमची तहान?"

मुकादम धावत आला. "साळे, गप! मस्टरवरनं नाव काढीन."

"काढ की! वहीतनं नाव निघंल, गळ्यातनं आवाज कसा काढशील?" आणि पुन्हा पहिल्यापासून.

मी सूर धरला. मग आमच्या बायांनी. तेवढ्यात पलीकडून धनगरांची हिराबाई उठली, तडक उन्हातल्या रांजणाशी आली, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली आणि तोंड पुसत म्हणाली, "लई गरम हाय गं. सावलीत ठिवा की ह्यो!"

आता सगळ्या बाजूंनी हातोडे दगडावर ताल धरू लागले. साहेब घाम पुसत म्हणाले, "एकत्र ठेवा रे दोन्ही." लिंबाखालच्या रांजणावरच्या दोघीतिघी विटाळ नको म्हणून त्या दिवशी तशाच तहानलेल्या घरी गेल्या, बाकीच्या प्यायल्या. संध्याकाळी कुठला रांजण कुणाचा, हे मुकादमालाही सांगता येईना.

घरी येताना मी नुसती फुशारले होते. आत्या मात्र मागं मागं चालत होती. ओढ्याशी आल्यावर म्हणाली, "सुली तापात पाणी पाणी करत व्हती. मी हिरीवर आख्खी दुपार कळशी घिऊन उभी. आमाला हात लावायची बंदी. वरनं कळशीत पाणी वाढणारं कुणी आलंच न्हाई."

सुली तिची एकुलती लेक. ती तापानं गेली, एवढंच आळीला ठाऊक होतं.

"मग तू काय केलंस?"

"उभी ऱ्हायले. तवा तोंडातनं एक शबूद फुटला न्हाई माझ्या."

मी तिचा हातोडा माझ्या हातात घेतला. तिनं तो दिला, आणि आम्ही ओढा ओलांडला.