पिस्तूल वगळून मालकी

जपानमध्ये कोतोत राहणाऱ्या नरेंद्र सोहोनीच्या घरात पिस्तुलाची काडीचीही गरज नव्हती. चोर नव्हते, साप नव्हते आणि शेजारी इतके सभ्य, की भिंतीत खिळा ठोकायच्या आदल्या दिवशी दारात येऊन माफी मागत. तरीही पिस्तूल घेणं भाग होतं, कारण साडूने घेतलं होतं.

साडू म्हणजे टेक्सासचे जयेशराव. रविवारच्या घरगुती व्हिडिओ कॉलवर त्यांनी ते नाचवून दाखवलं. "हंगेरियन माल आहे, नरेंद्रराव! तिकडच्या पोलिसांनी वापरून मोडीत काढलेला. चांगल्या बुटांच्या भावात मिळतो. सकाळी रेंजवर जायचं, धाडधाड दोन मॅगझिन रिकामी करायची, येताना कोथिंबीर घेऊन यायचं."

"वा! मर्दाचं काम!" पुण्याहून सासरे, म्हणजे नाना, म्हणाले. मग त्यांनी तोफ वळवली. "आणि जावईबापू, तुम्ही काय करता रविवारी?"

नरेंद्र रविवारी प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं काढून, लेबलं सोलून, बाटल्या विसळून ठेवत असे. कचरा उचलणाऱ्यांना त्या तशाच लागत. हे मर्दाच्या कामांत बसतं का, याची त्याला खात्री नव्हती. "मीही घेतोय," तो बोलून गेला. "तेच. हंगेरियन. दिवाळीपर्यंत!"

कॉल बंद होताच बायकोने, पद्मिनीने, कपाळावर हात मारला. "अरे, इथे भाजीची सुरी घेऊन ट्रेनमध्ये बसलास तरी पोलीस विचारपूस करायला येतील! कशाला मारायची ही फुशारकी?"

"आता माघार घेतली तर नाना मला जन्मभर बाटल्यावाला म्हणतील."

हे पद्मिनीलाही पटलं. आपल्या वडिलांना ती ओळखून होती.

शस्त्रपरवान्याच्या कचेरीतल्या मात्सुदा-सानांनी, म्हणजे आपल्याकडच्या मात्सुदारावांनी, नरेंद्रचा अर्ज दोन्ही हातांनी स्वीकारला, वाचला, दातांच्या फटीतून हवा आत ओढली आणि म्हणाले, "सोहोनी-सान, हे जरा अवघड आहे."

एवढं ऐकलं की जपानमधला समजूतदार माणूस कमरेत वाकतो आणि घरी जातो. पण नरेंद्र पुण्यातल्या सरकारी खिडक्यांपुढे ताटकळून वाढलेला. काम होण्यातलं असलं तरच तिथला कारकून ते अवघड असल्याचं सांगतो, एवढं ज्ञान त्याच्या गाठीला होतं. त्याने खुर्ची पुढे ओढली. "अवघड ना? मग काय काय लागेल ते सांगा."

मात्सुदा-सान हबकले. सरळ नाही म्हणणं नियमात बसत होतं, शिष्टाचारात बसत नव्हतं. पहिल्याच अटीला हा गृहस्थ पळेल, अशा हिशेबाने त्यांनी अटी सांगायला घेतल्या. भिंतीला पक्कं जखडलेलं पोलादी कपाट हवं. नरेंद्रने ते बसवलं. शेजाऱ्यांचं मत हवं. शेजाऱ्यांनी एकमुखाने कळवलं, की ज्या माणसाची बाटली इतकी स्वच्छ, त्याची गोळीही स्वच्छच असणार. मनाच्या डॉक्टरांचा दाखला हवा. डॉक्टरांनी विचारलं, "पिस्तूल कशासाठी?" नरेंद्रने साडूची सगळी हकीकत सांगितली. डॉक्टरांनी दीर्घ उसासा टाकला आणि लिहिलं, 'कारण नैसर्गिक. मलाही साडू आहे.'

"आता नेमबाजीचा सराव," मात्सुदा-सान घाम टिपत म्हणाले. "परवान्यासाठी सराव आवश्यक. मात्र परवान्याशिवाय पिस्तूल हाती धरता येत नाही."

"मग?"

प्रश्न वरच्या कचेरीत गेला, तिथून आणखी वर गेला आणि सुस्पष्ट होऊन खाली आला. सराव पिस्तुलाशिवाय करावा.

पांढरे हातमोजे घातलेले एक वयोवृद्ध प्रशिक्षक नेमले गेले. नरेंद्रने उजव्या हाताचं बोट रोखायचं, श्वास धरायचा आणि 'ठो' म्हणायचं. पहिल्याच आठवड्यात 'ठो'च्या आवाजाची तक्रार आली, म्हणून पुढचे सगळे बार मनातल्या मनात झाडण्याचं ठरलं. बोट थरथरलं की प्रशिक्षक गुण कापत. नरेंद्रने या विषयाचा ध्यासच घेतला! स्टेशनवर ट्रेनची वाट पाहतानाही तो समोरच्या जाहिरातीवर नेम धरी. तिथले कर्मचारीही बोट दाखवूनच सिग्नल तपासत असल्यामुळे ते त्याला वरिष्ठ समजून सलाम करू लागले. एके सकाळी तर त्याच्या बोटाच्या इशाऱ्यावर गाडी वेळेआधी सुटली आणि स्टेशनमास्तरांनी अख्ख्या फलाटाची माफी मागितली.

दिवाळीच्या तोंडावर मात्सुदा-सानांकडच्या अटी संपल्या. सारी कचेरी उभी राहिली आणि त्यांनी लाल शिक्क्याचं प्रमाणपत्र वाचून दाखवलं. "अर्जदारास हंगेरियन बनावटीच्या जुन्या पिस्तुलाची संपूर्ण मालकी मंजूर करण्यात येत आहे, पिस्तूल वगळून."

"म्हणजे?"

"पिस्तूल हंगेरीतल्या गोदामात सुखरूप राहील. त्याला तुमच्या नावाची चिठ्ठी बांधलेली असेल. आमचे निरीक्षक दरवर्षी येऊन तुमचं कपाट तपासतील. त्यात पिस्तूल सापडलं, तर परवाना रद्द."

दिवाळीच्या कॉलला नरेंद्र कपाटाशेजारीच बसला. त्याने प्रमाणपत्र कॅमेऱ्यापुढे धरलं, मग कपाट उघडून दाखवलं. जयेशराव खो खो हसत सुटले. "अहो, पण पिस्तूल कुठाय?"

संपलं सगळं! नरेंद्रने डोळे मिटून घेतले. बाटल्यावाला हा शब्द आता येणार, मग आता येणार, म्हणून तो वाट बघत राहिला.

"हसू नका, जयेशराव," नाना कडाडले. "नुसती वस्तू काय, पैसे टाकले की कुणालाही मिळते. तुमच्याकडे शिक्का आहे? निरीक्षक येतो तुमच्या घरी? आमच्या नरेंद्ररावांकडे सरकार जातीने येऊन खात्री करतं!" आतून सासूबाई म्हणाल्या, "प्रमाणपत्राला फ्रेम करून तीट लावा हो, दृष्ट लागेल." जयेशरावांचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नरेंद्रला गुपचूप फोन केला आणि हे कागद टेक्सासमध्ये कुठे मिळतील, याची चौकशी केली.

हसताय? हसा की! पोट धरून हसा. हसून झालं की फक्त एवढं सांगा, ज्या फ्लॅटची वास्तुशांत तुम्ही बिल्डरच्या नकाशावर हळदकुंकू वाहून उरकलीत, ज्याच्या गॅलरीतल्या वाऱ्याचं कौतुक येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवता, त्याच्या जागेवर यंदाही ज्वारीच उभी आहे ना?