आउलिसने आवळलेले पट्टे

सकाळी सात वाजता आउलिसने गाडीच्या टपावरच्या कॅरियरला पहिला पट्टा बांधला. साडेदहा वाजले तरी तो बांधतच होता. टपावर दोन कयाक होत्या, एकट्याने वल्हवायच्या अरुंद होड्या, एक पिवळी आणि एक निळी. हिल्काने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्या एका सेलमध्ये परस्पर घेऊन टाकल्या होत्या. त्या तळ्याकाठच्या कॉटेजवर पोचवायच्या होत्या. हिल्का आणि मुलगी साइमी आदल्या दिवशीच बसने पुढे गेल्या होत्या. मागे उरले होते आउलिस आणि रास्मुस.

रास्मुस म्हणजे साइमीचा जोडीदार. तीन वर्षं दोघं एकत्र राहत होते, पण या तीन वर्षांत रास्मुस आणि आउलिस यांच्यात जेवढं बोलणं झालं होतं, ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं. भांडण नव्हतं. आउलिसला बोलायची सवय नव्हती आणि रास्मुसला त्याच्यासमोर धीर होत नव्हता, इतकंच. पण आज बोलणं भाग होतं. ऑगस्टमध्ये साइमी आणि रास्मुस नॉर्वेत, पार उत्तरेला, ट्रोम्सोला राहायला जाणार होते. ही बातमी बापाला कोणी सांगायची यावर दोघांत बराच खल झाला आणि शेवटी साइमी म्हणाली, "तूच सांग. गाडीत तुम्ही दोघंच असाल. तिथून उठून तर जाता येणार नाही त्याला."

आउलिसने एकतीस वर्षं बंदरावर माल तपासला होता. जहाजात चढणाऱ्या प्रत्येक ट्रकवरचं सामान नीट बांधलंय की नाही, हे बघायचं त्याचं काम. त्याने पास केलेल्या ट्रकवरची एकही पेटी कधी जागची हलली नव्हती. निवृत्त होताना मित्रांनी त्याला बंदरावरचेच पट्टे भेट दिले होते, मालट्रकचे, खटक्याने आवळायचे. तेच आज दोन हलक्या प्लास्टिकच्या कयाकवर चढले होते. एकूण सहा. शिवाय पुढे-मागे कयाकच्या टोकांपासून बंपरपर्यंत दोर.

रास्मुसने लहानपणापासून वल्हं मारलं होतं. तो भीतभीत म्हणाला, की इतकं आवळलं तर प्लास्टिकला पोचे पडतील, दोन पट्टे पुरतात. आउलिसने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी तो पूर्वी लायसन्स विसरलेल्या ड्रायव्हरकडे बघत असे. मग त्याने सहावा पट्टा आणखी दोन खटके आवळला. निळ्या कयाकने 'टक्' असा आवाज केला.

शेवटी निघाले. गावाबाहेर पडून गाडीने साठचा वेग घेतला आणि टपावर काहीतरी गुणगुणू लागलं. सत्तरला त्याचा भुंगा झाला. ऐंशीला असं वाटू लागलं, की डोक्यावर कोणी चर्चमधला ऑर्गन आणून ठेवलाय आणि वाजवणारा एकाच पट्टीवर हात ठेवून झोपी गेलाय.

वाऱ्याने पट्टे थरथरतायत, हे रास्मुसला ठाऊक होतं. प्रत्येक पट्ट्याला एकेक पीळ दिला की आवाज बंद. त्याने तसं ओरडून सांगितलं.

"पीळ पडलेला पट्टा मी एकतीस वर्षांत पास केलेला नाही," आउलिस म्हणाला.

पुढचे वीस किलोमीटर ऑर्गन वाजत राहिला. रास्मुसने मनात वाक्य जुळवलं, मोडलं, परत जुळवलं. शेवटी समोर रस्त्याकडे बघत मोठ्याने म्हणाला, "साइमी आणि मी ऑगस्टमध्ये ट्रोम्सोला जातोय. कायमचे."

"मागचा दोर बघ रे जरा," आउलिस म्हणाला. "हलतोय का?"

दोर हलत नव्हता. रास्मुसने तेच वाक्य आणखी मोठ्याने म्हटलं. आउलिसने मान डोलावली आणि सांगितलं, की पुढचा पट्टा उजवीकडून थोडा सैल वाटतो. तिसऱ्यांदा रास्मुसने नुसतंच "ट्रोम्सो!" असं ओरडून पाहिलं. त्यावर आउलिसने वेग कमी केला.

पन्नासला आवाज जरा सुसह्य झाला, म्हणून आउलिसने पन्नास धरून ठेवला. मागे गाड्या साठू लागल्या. उन्हाळी सणाचा शुक्रवार, सगळा देश तळ्यांकडे निघालेला. अर्ध्या तासात मागची रांग वळणापलीकडे गेली आणि त्या रांगेतून वाट काढत पोलिसांची गाडी आली.

पोलीस म्हणजे एक तरुण बाई होती. तिने टपाकडे पाहिलं, पट्टे मोजले, परत मोजले. "काका," ती म्हणाली, "आत कयाकच आहेत ना?" मग म्हणाली, की पुढच्या पेट्रोल पंपावर थांबा, प्रत्येक पट्ट्याला एक पीळ द्या आणि मग माणसांसारखे ऐंशीने जा.

रास्मुसने तेच सांगितलं होतं. पण तो रास्मुस होता आणि ही सरकार होती. आउलिस मुकाट्याने पंपावर वळला.

पंप तळ्याच्या काठावरच होता. रास्मुस कॉफी आणायला आत गेला. आउलिसने हाताच्या आड येणारा पुढचा दोर बंपरपासून सोडून बॉनेटवर ठेवला आणि एकेका पट्ट्याला पीळ दिला. प्रत्येक वेळी त्याचा चेहरा असा होत होता, की जणू कोणी त्याच्याकडून खोट्या कागदावर सही करून घेतंय. सहावा पट्टा झाला तेवढ्यात मागे एक मोठी कॅरव्हॅन येऊन उभी राहिली. तिला जागा द्यायची म्हणून आउलिस गाडीत बसला आणि गाडी चार हात पुढे घेतली.

दोर बॉनेटवरून घसरून चाकाखाली गेला.

रास्मुस दोन पेले घेऊन दारात आला, तेव्हा सगळं त्याच्या डोळ्यांदेखत घडलं. चाकाने दोर ओढला, दोराने कयाकची टोकं खाली ओढली. दुसऱ्या कोणी बांधल्या असत्या तर कयाक सुटून खाली आल्या असत्या. पण आउलिसने बांधलेलं सुटत नाही. म्हणून कॅरियरच टपावरून उखडलं आणि कयाकसकट पुढच्या काचेवर येऊन बसलं. काचेचं जाळं झालं. कयाकला ओरखडा नव्हता. कॅरियरपासून त्या बोटभरही हलल्या नव्हत्या.

आउलिस गाडीतून उतरला. मग त्याने एक पट्टा ओढून पाहिला. घट्ट होता.

गाडी ओढून न्यायला सोमवारशिवाय कोणी येणार नव्हतं. बस गेली होती. कॉटेजवर गाडी नव्हती. पंपवाल्या बाईंनी कॉटेजचं ठिकाण विचारलं आणि म्हणाल्या, की रस्त्याने तुम्हाला तळ्याला अख्खा वळसा आहे, पण पाण्यातून सरळ गेलात तर सात किलोमीटर. मग त्यांनी खिडकीतून कयाककडे पाहिलं.

आउलिसने हजारो ट्रक जहाजात चढवले होते. स्वतः मात्र कधी साध्या होडीतही बसला नव्हता. रास्मुसने डिकीतून वल्ही आणि लाइफ जॅकेटं काढली, एक त्याला चढवलं, पट्टे आवळले. आउलिसने ते तपासले आणि मान डोलावली. मग तो पिवळ्या कयाकमध्ये बसला, वल्हं मुठीत करकचून धरून.

"सैल धरा," रास्मुस म्हणाला. "पळून नाही जात ते."

पहिला किलोमीटर फार वाईट गेला. दुसऱ्यात वल्ह्याला लय आली. पाणी काचेसारखं होतं, ऊन अजून लख्ख, आणि दोन वल्ह्यांच्या टपटपीखेरीज कुठे आवाज नव्हता. आता सांगायला हवं, असं रास्मुसच्या मनात आलं. पण इतक्या शांततेत ते वाक्य त्याला फारच मोठं वाटू लागलं.

"ऑगस्टच्या कितव्या तारखेला?" आउलिसने विचारलं.

रास्मुसचं वल्हं थांबलं. "ऐकलं होतंत तुम्ही?"

"जहाजाची इंजिनं चालू असताना माणूस काय बोलतो, ते ऐकत आलोय मी."

"मग बोलला का नाहीत?"

आउलिसने पाच-सहा वेळा वल्हं मारलं. "काय बोलतात अशा वेळी, ते आठवत नव्हतं."

रास्मुसने तारीख सांगितली. आउलिसने विचारलं, की तिथे रस्ते कसे असतात, थंडीत गाडी जाते का. मग विचारलं, साइमीला तिथलं काम आवडेल का. मग बरंच काही विचारलं. सात किलोमीटरला त्यांना अडीच तास लागले. त्यातला निदान एक तास वल्ही मांडीवर होती.

काठावर हिल्का आणि साइमी उभ्या होत्या. साइमीने रास्मुसकडे पाहिलं. त्याने मान डोलावली. तिने सुस्कारा सोडला.

आउलिस उभा राहिला, पाय ओले करत बाहेर आला आणि गंभीरपणे म्हणाला, "हिल्का, ही दोघं ट्रोम्सोला चाललीत."

"मीच तर तुला एप्रिलमध्ये सांगितलं," हिल्का म्हणाली. "जेवताना. तू 'हं' म्हणालास आणि आणखी बटाटे वाढून घेतलेस. गाडी कुठाय?"

साइमी आणि रास्मुस दोघंही वळून आउलिसकडे बघू लागले. त्याचे कान लाल झाले होते. तो खाली वाकून कयाक काठावर ओढू लागला. रास्मुसने दुसरं टोक धरलं.

"सोमवारी गाडीसाठी पंपावर जायला लागेल," आउलिस हळूच म्हणाला, फक्त त्याला ऐकू जाईल इतकं. "बसने नको. असेच जाऊ पाण्यातून, आपण दोघं. घाई करायचं काही कारण नाही."