पट्टा ढिला ठेवण्याबाबत

माणसाने कुत्रा पाळावा, त्याने शिस्त लागते, असं सर्व जाणकार सांगतात. पट्ट्याच्या नेमक्या कोणत्या टोकाला लागते, याबद्दल मात्र जाणकारांत अजून एकमत नाही.

आमचे भावोजी आस्थापना शाखेतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. एकतीस वर्षांत त्यांच्या हाताखालचा एकही माणूस पाच मिनिटं उशिरा आला नाही (ज्याला उशीर होई तो सरळ रजा टाकी). असा करारी माणूस दिवसभर घरात बसू लागला की घरच्यांना त्याची काहीतरी सोय लावावी लागते. लेकीने ती लावली. तीन महिन्यांचं एक तपकिरी पिल्लू आणून तिने वडिलांच्या मांडीवर ठेवलं. नाव गुंड्या.

पहिल्या आठवड्याचा तपशील असा. चावे एकूण एकशे बारा. पैकी बोटांना एकसष्ट, पायजम्याच्या नाडीला तेवीस, उरलेले किरकोळ (यात भावोजींची पोटरी धरली आहे). फेरफटके चौदा. पैकी भावोजींनी गुंड्याला फिरवून आणलं असे शून्य, बाकीचे गुंड्याच्या नावावर. त्यातल्या एका फेरीत गुंड्याने त्यांना थेट जुन्या कचेरीच्या फाटकाशी ओढत नेलं. पहारेकरी ताडकन उठला, सलाम ठोकून म्हणाला, "साहेब, पुन्हा रुजू?" भावोजींना सविस्तर खुलासा करायचा होता, पण तोवर ते पुढच्या चौकात पोचले होते.

त्या संध्याकाळी आमच्या ताईने पट्टी बांधलेला अंगठा त्यांच्यासमोर धरला.

"अहो, हा शिकेल तरी, नाहीतर परत जाईल. मला स्वयंपाकाला दहाही बोटं लागतात."

गुंड्या भावोजींच्या पावलावर डोकं टाकून झोपला होता. पायाला मुंग्या येऊनही ते पाऊण तास हलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "उद्या डॉक्टरांना विचारतो."

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी कार्यपद्धती समजावली. "दात येताहेत, चावणारच. चावला की खेळ बंद करायचा, तोंड फिरवायचं आणि चावायला त्याचं खेळणं द्यायचं. पट्टा ताणला की जागच्या जागी थांबायचं. ढिला झाला की 'शाब्बास' म्हणायचं, एक बिस्किट द्यायचं आणि मगच चालायचं."

"आणि ओरडायचं केव्हा?" भावोजींनी वही उघडून विचारलं.

"ओरडायचं नाही."

भावोजींनी तेवढी ओळ कोरी सोडली.

पहिल्या दिवशी चाळीस मिनिटांत सतरा पावलं प्रगती झाली (पैकी चार मागच्या दिशेने). पट्टा ताणला की भावोजी इतके निश्चल उभे राहत, की एका बाईंनी बस इथेच थांबते का, असं विचारलं. खरी अडचण 'शाब्बास'ची होती. सरावाअभावी तो शब्द घशातच अडकायचा आणि बाहेर नुसता खोकला यायचा. गुंड्याने मोठ्या मनाने तोही ग्राह्य धरला. घरात चावे मात्र कमी होईनात. चौकशीअंती असं निष्पन्न झालं, की ताईच "लबाडा, चाव बघू" म्हणत त्याला गुपचूप करंगळी देत होती. तिला समज देण्यात आली (ओरडून नव्हे).

चोविसाव्या दिवशी गुंड्या रस्ताभर शेजारून चालला. पट्टा ढिला. अंगठा बरा झाल्यामुळे ताईही सोबत होती. कोपऱ्यावर ती म्हणाली,

"एक सांगू? लग्नाला छत्तीस वर्षं झाली. रस्त्यावर आज पहिल्यांदा मला तुमच्या पाठीशिवाय दुसरं काही दिसतंय."

भावोजी थांबले. काहीतरी बोलायला हवं होतं. त्यांचा हात सवयीने खिशात गेला आणि बिस्किट घेऊन ताईसमोर आला.

"ते त्याला द्या," ताई म्हणाली. "मला तोंडाने सांगा."

भावोजींनी घसा खाकरला. "बरं वाटलं, तू आलीस ते." खोकला आला नाही.

त्या दिवसापासून दोघं रोज गुंड्याला घेऊन जातात. सुधारणा समाधानकारक आहे. गुंड्याचीही.

हे वाचताना तुमच्याही घरातलं कुणीतरी डोळ्यांसमोर आलं असेल, आणि हा कागद त्यांच्या नजरेस पडेल असा ठेवावा, असं वाटलं असेल. जरूर ठेवा. फक्त त्याआधी एकदा आठवून पाहा, तो तुमच्या नजरेस पडेल असा कुणी ठेवला होता.