मामांच्या छातीवरचं फुफ्फुस

"हात्तिच्या! छातीच हवी ना? मग ही काय आहे?"

असं म्हणून मामांनी शर्टाची बटणं काढली आणि आता आपलं उद्घाटन व्हायचंय अशा थाटात ते खोलीच्या मधोमध उभे राहिले.

भाची डॉक्टरकीला होती. दुसऱ्या दिवशी तिची प्रात्यक्षिक परीक्षा. त्या परीक्षेत एक प्रकार असा असतो, की जिवंत माणसाला उघडा उभा करायचा आणि आतलं फुफ्फुस कुठून कुठपर्यंत आहे ते त्याच्या कातडीवर काढून दाखवायचं. मागच्या खेपेला बिचारी याच प्रश्नावर आपटली होती. पुन्हा आपटली असती तर वर्ष हातचं जाणार होतं, म्हणून सकाळपासून ती सरावाला एक छाती शोधत होती.

मामा शिंपी. लोकांच्या छात्या मोजण्यात त्यांची हयात गेलेली. टेप लावली की गिऱ्हाईक पोट आत ओढतं, हे त्यांना चांगलं ठाऊक. "सोडा साहेब, श्वास सोडा! हा शर्ट घालून जेवायचंय तुम्हाला!" असं ते रोज सांगायचे. पण स्वतः चारचौघांत उभे राहिले की त्यांचंही पोट आत आणि छाती वर! मामींनीसुद्धा त्यांचं पोट पूर्ण सुटलेलं पाहिलं होतं ते फक्त झोपेत.

भाचीने छातीच्या मधल्या हाडावरचा उंचवटा चाचपला. त्याला लागून दुसरी बरगडी असते, तिथून खाली मोजत जायचं. पण मामांच्या अंगात बरगडी शोधणं म्हणजे गादीवरून हात फिरवून खाटेच्या पट्ट्या मोजण्यासारखंच होतं. त्यात पेन्सिलीची रेघ घामाने पुसून जायची.

"थांब!" मामा म्हणाले. "माझं दुकानातलं पेन घे. कॉलरच्या आत नाव लिहायचं. कितीही धुवा, जात नाही!"

आता यात काय चुकलं ते तुमच्या लक्षात आलं असेल. त्या दोघांच्या नाही आलं. भाचीने मन लावून काढलं. फुफ्फुसाची खालची कड पुढून सहाव्या बरगडीवर, काखेखाली आठवीवर, पाठीकडे दहावीवर. शेजारी आकडे आणि नावंही घातली. मामा तेवढा वेळ छाती फुगवून उभे. नंतर त्यांनी साबण, रॉकेल, नारळाच्या शेंड्या, सगळं वापरून पाहिलं. कातडी निघायची वेळ आली, पण शाई हटली नाही.

दुसऱ्या दिवशी मामा धीर द्यायला कॉलेजात गेले आणि बाहेरच्या बाकावर बसले. तेवढ्यात शिपाई धावत आला.

"नेहमीच्या माणसाच्या अंगावर पुरळ उठलंय! कुणी छाती देईल का? परीक्षा खोळंबलीय!"

बाकावरचे सगळे बाप एकदम मोबाईलमध्ये बघायला लागले. मामांचं रक्त सळसळलं.

"मी आहे ना!"

आत भाची त्यांना बघून जोरजोरात मान हलवायला लागली. घाबरलीय पोर, असं म्हणून मामांनी तिला अंगठा दाखवला आणि ऐटीत शर्ट काढला. मग त्यांना आठवलं!

परीक्षक बाईंनी चष्मा पुसला. पुन्हा घातला.

"हे काय आहे?"

"गोंदण," मामा म्हणाले.

"गोंदणात 'उजवं फुफ्फुस' असं लिहितात?"

"ज्याची त्याची आवड असते, बाई."

वर्गात खसखस पिकली. भाची मात्र पुढे आली.

"मॅडम, माझा मामा आहे हा. मी काल सरावाला काढलं होतं. तो इथे उभा राहील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं."

"अगं, ही सरळ कॉपी आहे! वही असती तर जप्त केली असती. यांना कुठल्या कपाटात ठेवू?"

"पण मॅडम, ते चुकीचं आहे! कालही याने श्वास रोखला होता, आत्ताही रोखलाय. मामा, सोड!"

"कुठे रोखलाय?" मामा कोंडलेल्या आवाजात म्हणाले. चेहरा बीटासारखा झाला होता.

समोर सगळा वर्ग. त्यात एक मुलगी तर त्यांच्याच दुकानातला कुर्ता घालून बसलेली! इतकी वर्षं सांभाळलेली इभ्रत अशी सोडायची? मामांनी भाचीकडे पाहिलं. तिचे डोळे काठोकाठ भरले होते. लहानपणी मोडलेली बाहुली घेऊन ती अशीच त्यांच्याकडे यायची. मामांच्या पोटात तुटलं, आणि त्यांनी ते पोट सोडलं!

बापरे! छाती बसली, पोट पुढे आलं आणि सगळा नकाशा घसरत खाली उतरला. बाई वाकून बघायला लागल्या.

"या गृहस्थांचं फुफ्फुस बेंबीच्या शेजारी राहतं?" मग त्या खो खो हसत सुटल्या. "हे बघून जो काढेल तो नक्की नापास! ही घे लाल पेन्सिल. काढ नव्याने."

भाचीने उंचवटा शोधला. बोटं रुतवून एकेक बरगडी मोजली आणि घामाने पुसायच्या आत रेघ ओढली. बाईंनी स्वतः दाबून पाहिलं, टिचक्या मारून आवाज ऐकला.

"बरोबर. पास!"

मामांना भरूनच आलं. डोळे पुसत त्यांनी शर्टाला हात घातला.

"कुठे निघालात? बाकीची मुलं आहेत अजून!"

मग संध्याकाळपर्यंत मामांना सगळ्या वर्गाने चाचपलं. कुणाला पाचवी बरगडी सापडेना, कुणाला एकही सापडेना. एकाने तर गुदगुल्या करून ठेवल्या. शेवटी बाई स्वतः पाण्याचा पेला घेऊन आल्या.

"आज मुलांचा खरा कस लागला. किडकिडीत माणसावर काय, कुणीही काढतं. पुढच्या वर्षी याल?"

"अवश्य!" मामांची छाती पुन्हा वर चढली. "व्यायाम करून येतो!"

"छे छे!" बाई घाईघाईने म्हणाल्या. "तेवढं मात्र करू नका!"