सगुणाकाकीची पारख

आमच्या शेजारची सगुणाकाकी अनोळखी बाईला आधी पाठ फिरवायला लावी आणि मगच पाणी देई. काष्टा कसा खोचलाय ते बघितल्याशिवाय तिला कुणाचा भरवसा वाटत नसे. "तोंड खोटा सांगता," ती म्हणायची, "पण नेसणा खोटा सांगणा नाय."

आगबोटीच्या दिवशी ती सुंभ वळायचं काम घेऊन बंदरावर बसे. बोट लांब उभी राही. माणसं होडीतून येत आणि शेवटी गुडघाभर पाण्यात उतरत. तिथे काकी एकेकीला तपाशी. लुगडं गुडघ्यापर्यंत, ती आमची. घोट्यापर्यंत, ती घाटावरची, पाण्याला भिणार. खांद्यावर पदराची गाठ दिसली की ती गोव्याची. "पोटाक घड्याळा बांधलेली आसतली." गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता, चोरटा माल यायचा, हे खरं. पण एकदा तिने शिपायाला एका पोटुशीच्या मागे लावलं. शिपायाने माफी मागितली. काकीने नाही. "म्हयनो कितवो, ता इचार तिका," म्हणाली.

आपण चोर धरायला बसतो, असं ती सांगे. ती शेवंतीची वाट बघते हे सगळ्या वाडीला माहीत होतं. शेवंती तिची एकुलती मुलगी. ती नवऱ्यामागे मुंबईला निघाली तेव्हा काकी म्हणाली होती, "गेलंस तर परत तोंड दाखवू नको." मुलगी आईसारखीच हट्टी. नऊ वर्षं तिने तोंड दाखवलं नाही. कार्डं मात्र धाडी. काकीला वाचता येत नव्हतं, मी चार यत्ता शिकलेली. वाचायला घेतलं की काकी कार्ड ओढून घेई.

"वाचू नको गो. काय लिवला आसतला ता माका ठावक आसा."

"मगे सांग बघू."

"तुका कित्याक व्हया?"

आणि कार्ड वळचणीत खोचलं जाई.

शिमग्याच्या आधी एकदा मी सुकट घ्यायला बंदरावर गेले होते. होडीत एक बाई होती, डोक्यावर ट्रंक. पदर मागून उजव्या खांद्यावर घेतलेला, तोंडावर ओढलेला.

"गुजरातीण," काकी म्हणाली. "हंय काय काम तिचा? तोंड बघ कसा झाकल्यान. कायतरी लपयता. शिपायाक हाक मार."

"तूच मार."

बाई पाण्यात उतरली. साडी पायात गुंडाळली, दोनदा अडखळली. "पाण्यात चलूक येणा नाय," काकी हसली.

ती सरळ आमच्यासमोर आली. ट्रंक वाळूत ठेवली, पदर मागे केला.

"आये."

काकीचे हात थांबले. शेवंती खूप वाळली होती.

"मुंबयची गिरण बंद पडली. सहा वर्सा झाली अमदाबादेक जावन," ती म्हणाली. "कार्डात सगळा लिवललंय."

काकी उठली आणि लेकीचा पदर ओढून डाव्या खांद्यावर टाकायला लागली. तशा नेसण्यात तो तिथे राहीना. दोनदा घसरला. मग तिने तो होता तसा उजवीकडे नीट बसवला, खाली बसली आणि तिच्या ओल्या निऱ्या पिळायला लागली.

"सोड गो आये, लोका बघतत."

"बघांदेत," काकी म्हणाली. तिने वर बघितलं नाही, पुढची निरी हातात घेतली.

मी ट्रंक उचलली आणि घराकडे निघाले.